कांद्याचा पापुद्रा, अंडं आणि लाजाळू: मुलांना पेशी कशी दाखवावी?

अबोली
१२ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. जुन्नर तालुक्यातल्या एका गावात मी दर शनिवारी सहावी-सातवीच्या मुलांना विज्ञान शिकवायला जाते. २२ मुलं आहेत, बहुतेकांच्या घरी शेती, त्यातही कांदा जास्त.

आज पेशीचा धडा काढला. "पेशी म्हणजे काय?" असं विचारताच सगळ्यांनी एका सुरात व्याख्या म्हणून दाखवली. सजीवांचा रचनात्मक आणि कार्यात्मक मूलभूत घटक. एकही शब्द चुकला नाही. मग पहिल्या बाकावरच्या मुलीला म्हटलं, "तुझ्या हातात आहेत का गं पेशी?" तिने तळहात उलटसुलट करून पाहिला आणि गप्प बसली. मागचा एक मुलगा म्हणाला, "बाई, झाडाची पेशी हिरवी चौकोनी असते आणि प्राण्याची गुलाबी गोल." पुस्तकातल्या आकृतीत तसे रंग आहेत, म्हणून.

मला फार वाईट वाटलं. चूक मुलांची नाहीच. मी स्वतः ज्या शाळेत शिकले तिथे सूक्ष्मदर्शक काचेच्या कपाटात होता आणि कपाटाला कुलूप होतं. दहावीपर्यंत आम्ही पेशीची आकृती निदान पन्नास वेळा काढली असेल, पेशी एकदाही पाहिली नाही. या मुलांचं तसं होऊ द्यायचं नाही, हे आज एसटीत बसल्या बसल्या ठरवलं.

शाळेत एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. खाली आरसा, वर १० पटींचं नेत्रभिंग, आणि १० व ४० पटींची दोन वस्तुभिंगं. आज पुसून पाहिला, चालतो. काचपट्ट्या आहेत, आच्छादनकाचा मी आणेन. काय दाखवू, कसं दाखवू, कुठे फसतं, ते सांगा. शिवाय मुलांनी तीन प्रश्न विचारले आहेत, त्यांची मला पूर्ण खात्री असलेली उत्तरं हवी आहेत:

कोंबडीचं अंडं ही एकच पेशी असते का?
हत्तीच्या पेशी मुंगीच्या पेशींपेक्षा मोठ्या असतात का?
लाजाळूला हात लावलेला कळतो, मग तिला आपल्यासारख्या नसा असतात का?

---

पाणकावळा
१२ जुलै, रात्री ११.०५

अबोलीताई, मी ३१ वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काढली, त्यामुळे सविस्तर लिहितो.

कांद्यापासूनच सुरुवात करा. दुसरं काही शोधू नका. मुलांच्या घरचाच कांदा घ्या, चाळीतला असला तरी चालतो, फक्त मऊ पडलेला नको. चार फोडी करा. एका फोडीतली मधली जाड पाकळी घ्या. तिची आतली, म्हणजे खोलगट बाजू तुमच्याकडे धरून ती हलकेच मोडा. मोडलेल्या कडेला पारदर्शक, ओल्या टिश्यू कागदासारखा पापुद्रा लोंबताना दिसेल. चिमट्याने तो सावकाश ओढा. लगेच पाण्यात टाका, हवेत वाळला की गुंडाळी होते आणि मग सरळ करता करता फाटतो.

पाण्यातच कात्रीने त्याचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा करा. इथे सगळे मोठा तुकडा घेतात. मोठ्या तुकड्याला घडी पडते, घडीत पेशीवर पेशी येते, आणि मुलांना नुसता गोंधळ दिसतो. काचपट्टीवर पाण्याचा एक थेंब, त्यात तुकडा, त्यावर आयोडीनचा एक थेंब. औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन चालतं, एका भागाला चार भाग पाणी घालून पातळ करा. दोन मिनिटं थांबा. आच्छादनकाच एका कडेवर टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू आडवी करा. धपकन टाकली की खाली हवा अडकते.

हवेचे बुडबुडे मुद्दाम लिहितो, कारण माझ्या अनुभवात पहिल्या दिवशी निम्मी मुलं पेशी म्हणून बुडबुडाच काढतात. जाड काळ्या कडेचा, अगदी गोल, आत स्वच्छ पांढरा, तो बुडबुडा. पहिली काचपट्टी मुद्दाम बुडबुड्यांची करून दाखवा. "ही हवा आहे" हे आधी ओळखीचं झालं की पुढे घोळ होत नाही.

आरसा आकाशाकडे वळवा. सूर्याकडे कधीही नाही, डोळ्याला इजा होईल. पावसाळी ढगाळ आकाशाचा उजेड फार छान पडतो, तेव्हा सध्याचा काळ उत्तम आहे. आधी १० पटींचंच वस्तुभिंग लावा. भिंग खाली आणताना बाजूने बघत आणा, नेत्रभिंगातून बघताना फक्त वर न्या. उलटं केलं की आच्छादनकाच फुटते आणि भिंगाला चरा पडतो.

दिसेल काय? वीटकामासारख्या ओळी. लांबट, एकमेकींना चिकटून बसलेल्या खोल्या, आणि प्रत्येकीत एक पिवळसर तपकिरी ठिपका. तो ठिपका म्हणजे केंद्रक. पुस्तकात तो बहुतेक वेळा ठळक मधोमध असतो, इथे मात्र पुष्कळ पेशींत कडेला सरकलेला दिसेल. कारण कांद्याच्या पेशीत मधली बहुतेक जागा पाण्याने भरलेल्या मोठ्या रिक्तिकेने अडवलेली असते, बाकी सगळं भिंतीकडे ढकललं जातं. मुलांना आधी हे सांगू नका. त्यांनाच विचारा, ठिपका कुठे आहे? मधे की कडेला?

आणि तुमच्या त्या मुलाला विचारा, हिरवं काही दिसतंय का? दिसणार नाही. कांदा जमिनीत वाढतो, त्या पाकळीत हरितलवकं, म्हणजे पेशीतले हिरवे दाणे, नसतात. नंतर कांद्याची पात आणा आणि पातीचा पातळ तुकडा दाखवा. "झाडाची पेशी हिरवी" हा समज तिथेच सुटेल.

---

कढीलिंब
१३ जुलै, सकाळी ७.२०

पाणकावळा सर, आरशाबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या वर्गात एकाने सूर्याकडे केला होता, दिवसभर डोळ्यासमोर डाग दिसत होता त्याला.

अबोली, एकाच सूक्ष्मदर्शकावर २२ मुलं म्हणजे प्रत्येकाला अर्धा मिनिट. रांगेतल्या मुलांना तोवर काम दे. फोल्डस्कोप मिळाला तर दोन-चार मागव. मनु प्रकाश आणि त्यांच्या विद्यार्थ्याने स्टॅनफर्ड विद्यापीठात बनवलेला कागदाचा घडीचा सूक्ष्मदर्शक, साधारण १४० पट मोठं दाखवतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याला लावला की सगळ्यांना एकदम बघता येतं. पेशीभित्तिका छान दिसते, केंद्रकासाठी थोडी सवय लागते.

---

शेंगदाणा
१३ जुलै, सकाळी ९.१५

मी शिक्षिका नाही, गृहिणी आहे. पण मुलीला हेच शिकवताना एक गोष्ट सापडली ती सांगते.

काकडीच्या कोशिंबिरीला आपण मीठ अगदी शेवटी, पानं वाढताना घालतो. आधी घातलं की पाणी सुटतं. का सुटतं, असं मुलीने विचारलं. तेव्हा तिच्या शाळेतून सूक्ष्मदर्शक दोन दिवसांसाठी घरी आणला होता. आम्ही गडद लाल कांदा घेतला. पाकळीच्या बाहेरच्या, फुगीर बाजूचा जांभळट पापुद्रा काढला. हा आतल्यासारखा सहज निघत नाही, चार-पाच वेळा प्रयत्न करावा लागतो. पण रंग असतो तो यातच. साध्या पाण्यात ठेवून पाहिला, सगळ्या खोल्या काठोकाठ जांभळ्या.

मग अर्धी वाटी पाण्यात एक चमचा मीठ विरघळवलं. आच्छादनकाचेच्या एका कडेला त्याचा थेंब ठेवला आणि समोरच्या कडेला टिपकागद लावला, म्हणजे मिठाचं पाणी खाली ओढलं जातं. मुलगी नेत्रभिंगाला डोळा लावून बसली होती. दोनेक मिनिटांत ओरडली, "आई, रंग आक्रसतोय!" खरंच, बाहेरची चौकट जागच्या जागी आणि आतला जांभळा भाग भिंतीपासून सुटून मधे गोळा होत होता. जणू खोलीच्या मापाची पाण्याने भरलेली पिशवी होती आणि तिच्यातलं पाणी काढून घेतलं.

मग त्याच पद्धतीने साधं पाणी सोडलं, तर रंग परत पसरला. आम्ही दोघी तासभर तेच करत होतो. त्या दिवसापासून तिला परासरण (पातळ पटलातून पाणी जास्त मिठाच्या बाजूला ओढलं जाणं) हा शब्द पाठ करावा लागला नाही.

---

पाणकावळा
१३ जुलै, सकाळी १०.०२

शेंगदाणाताई, अप्रतिम. पुस्तकात याला रससंकोच म्हणतात. चौकट म्हणजे पेशीभित्तिका, ती ताठ असते, म्हणून जागा सोडत नाही. पिशवी म्हणजे प्रद्रव्यपटल. वनस्पतीच्या पेशीला बाहेर भिंत आणि आत पटल अशी दोन वेगळी आवरणं आहेत, हे इतक्या स्वच्छ दाखवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही.

एक सावधगिरी. या प्रयोगात आयोडीन घालू नका. आयोडीनने पेशी मरते, आणि मेलेल्या पेशीचं पटल पाणी आणि मीठ यांत निवड करत नाही. मग आक्रसणंही नाही आणि परत फुगणंही नाही. यासाठी ताजा, जिवंत पापुद्राच हवा. कांदा बाजारातून आणलेला असला तरी त्याच्या पेशी जिवंत असतात, हीसुद्धा मुलांना नवीन गोष्ट वाटते.

---

दवबिंदू
१३ जुलै, दुपारी १.३०

अंड्याच्या प्रश्नाचं उत्तर: हो, कोंबडीचं अंडं म्हणजे एकच पेशी. आम्हाला शाळेत असंच शिकवलंय, आणि शहामृगाचं अंडं ही जगातली सर्वांत मोठी पेशी असंही.

---

उंबर
१३ जुलै, दुपारी ३.४८

दवबिंदू, थोडी दुरुस्ती करतो. मी पशुवैद्यक आहे, आणि हा गैरसमज मुलांपर्यंत जाऊ नये असं मनापासून वाटतं.

अख्खं अंडं ही पेशी नाही. पेशी म्हणायची तर ती पिवळ्या बलकाची. बलक कोंबडीच्या अंडाशयात तयार होतो, तिथून सुटतो आणि अंडवाहिनीतून पुढे सरकतो. या वाटेवर त्याच्याभोवती पांढऱ्याचे थर चढतात, मग दोन पातळ पापुद्रे, आणि शेवटी कवच. हा सगळा प्रवास साधारण एका दिवसाचा. त्यातले जवळजवळ २० तास एकट्या कवचाला लागतात. म्हणजे पांढरं आणि कवच हे पेशीभोवतीचं सामान आहे, कोंबडीच्या अंडवाहिनीने पुरवलेलं. शहामृगाच्या अंड्यातही पेशी म्हणजे त्याचा बलकच, आणि तो प्रचंड मोठा असतो हे बरोबर.

बलकातही बहुतेक सगळा साठवलेला खाऊ असतो. अंडं ताटलीत अलगद फोडलं तर बलकावर तीन-चार मिलिमीटरचा एक फिकट पांढरा ठिपका दिसतो. कधी तो खालच्या बाजूला गेलेला असतो, चमच्याने बलक हलकेच फिरवायचा. पिल्लू होणार असेल तर ते त्या ठिपक्यातून होतं.

आता बारकावा. दुकानात मिळणारी अंडी बहुतेक अफलित असतात, कारण तिथल्या कोंबड्यांमध्ये कोंबडा नसतो. अशा अंड्याचा बलक एकच पेशी. गावात घरच्या कोंबड्यांत कोंबडा हिंडत असतो, तिथलं अंडं फलित असू शकतं. ते घातलं जाईपर्यंत आत विभाजन सुरू झालेलं असतं आणि ठिपक्यात हजारो पेशी असतात. फलित अंड्याचा ठिपका कडेने गोल कंकणासारखा दिसतो, अफलिताचा लहान आणि गच्च पांढरा. अबोलीताई, तुमच्या मुलांकडे दोन्ही प्रकारची अंडी सहज मिळतील. एक दुकानातलं, एक घरचं, शेजारी शेजारी फोडून बघा. यात सूक्ष्मदर्शकाची गरज नाही.

---

दवबिंदू
१३ जुलै, दुपारी ४.१०

धन्यवाद उंबर. इतकी वर्षं मी हे चुकीचं सांगत आलो. मग ते अंडं व्हिनेगरमध्ये ठेवून कवच विरघळवतात, आणि पाण्यात टाकलं की ते फुगतं, तेव्हा आपण पेशीचं पटल बघतो असं म्हणतात, तेही चूक का?

---

उंबर
१३ जुलै, सायंकाळी ५.२५

प्रयोग चांगला आहे, नाव चुकतं. कवच कॅल्शियम कार्बोनेटचं असतं, ते व्हिनेगरच्या आम्लात विरघळतं. मागे उरतो तो कवचाखालचा पापुद्रा. उकडलेलं अंडं सोलताना हाताला येतो तोच. ते पेशीचं पटल नाही. पण तोही पाणी आत-बाहेर जाऊ देतो आणि अंड्यातले मोठे प्रथिनांचे रेणू अडवतो, म्हणून साध्या पाण्यात अंडं फुगतं आणि साखरेच्या घट्ट पाकात चिंबतं. परासरण समजवायला जरूर वापरा, फक्त "ही एक महाकाय पेशी" असं सांगू नका.

हत्तीचं उत्तरही देतो. साधारणपणे हत्तीच्या आणि उंदराच्या पेशींचं माप फारसं वेगळं नसतं. हत्ती मोठा, कारण त्याच्यात पेशी कितीतरी जास्त. लहान घर आणि मोठा वाडा, वीट दोन्हीकडे जवळपास तेवढीच. अपवाद आहेत, उदाहरणार्थ मज्जापेशीचा लांब तंतू. हत्तीच्या पायापर्यंत जाणारा तंतू अर्थातच लांब असणार. पेशी फार मोठी होत नाही, कारण तिला लागणारा प्राणवायू आणि अन्न तिच्या पृष्ठभागातूनच आत येतं. आकार वाढला की आतला भाग भराभर वाढतो, पृष्ठभाग त्या मानाने कमी पडतो. बटाट्याचे एक मोठा आणि एक लहान असे दोन चौकोनी तुकडे खाण्याच्या रंगाच्या पाण्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी मधून कापा. रंग दोन्हीत साधारण सारखाच खोल गेलेला असतो, पण मोठ्या तुकड्याचा मधला बराच भाग कोरा राहतो.

---

निळवंती
१३ जुलै, रात्री ८.००

गालाच्या पेशी विसरू नका. "तुझ्या हातात आहेत का पेशी" याचं खरं उत्तर तिथेच मिळेल. प्रत्येकाने स्वतःची कानाची काडी घ्यायची, आधी चूळ भरायची, गालाच्या आतून हलकेच फिरवायची, काचपट्टीवर पुसायची. मिथिलीन ब्लूचा एक थेंब. ४० पटींच्या भिंगाखाली वेड्यावाकड्या, चपट्या, कडा दुमडलेल्या पेशी दिसतात, आत निळा ठिपका. कांद्यासारख्या ओळी नाहीत, कारण भिंत नाही. काड्या लगेच एका पिशवीत गोळा करायच्या, कोणाची काडी कोणी वापरायची नाही.

कोणीतरी बोट टोचून रक्त बघा असं सुचवेल. लहान मुलांच्या वर्गात ते अजिबात करू नका. सुई, रक्त, २२ मुलं, नकोच.

---

नौका
१४ जुलै, पहाटे २.१५

मी नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमला राहतो, इथून डेल्फ्ट जवळ आहे. अबोलीताई, तुमच्या मुलांना अँटनी व्हॅन लेवेनहूकची गोष्ट जरूर सांगा, मराठी माध्यमातल्या मुलांना तर सांगाच.

रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात कप्पे पाहिले, त्यांना नाव दिलं, ते पुस्तकात असतंच. ते कप्पे रिकामे होते, मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती. हलणारं, पोहणारं, जिवंत असं काही पाहिलं ते डेल्फ्टच्या या माणसाने. तो कापडाचा व्यापारी. विद्यापीठात गेलेला नाही. त्या काळी विद्वानांची भाषा लॅटिन, ती त्याला येत नव्हती. त्याने स्वतः इवलीशी भिंगं घासली आणि जे दिसलं ते आपल्या डच भाषेत पत्रांतून लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेला कळवलं. तिथे त्याचं भाषांतर व्हायचं. जवळजवळ ५० वर्षं तो अशी पत्रं पाठवत राहिला. १६७४ मध्ये त्याने तळ्याच्या पाण्यातले सूक्ष्मजीव पाहिले, १६८३ मध्ये दातांवरच्या किटणातले जीवाणू. १६८० मध्ये सोसायटीने त्याला सदस्य करून घेतलं.

लायडनच्या संग्रहालयात त्याचे सूक्ष्मदर्शक ठेवले आहेत. मी ते बघायला गेलो तेव्हा आधी सापडेचनात, इतके लहान. दोन बोटांएवढी धातूची पट्टी, तिच्यात एकच मण्याएवढं भिंग, मागे वस्तू टोचायला स्क्रूची सुई. ते डोळ्याला अगदी चिकटवून उजेडाकडे बघायचं. त्याच्या उरलेल्या भिंगांपैकी एक अडीचशे पटींहून जास्त मोठं दाखवतं. मी त्या काचेसमोर बराच वेळ उभा होतो. डेल्फ्टच्या जुन्या चर्चमध्ये त्याची कबर आहे.

---

अबोली
१४ जुलै, सकाळी ६.५०

नौका, ही गोष्ट मी सांगणारच. "आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून विज्ञान जमणार नाही" असं एक मुलगी मला पहिल्याच शनिवारी म्हणाली होती. तिला आधी सांगेन.

लाजाळूचं राहिलं. कोणी सांगेल का?

---

रानजाई
१४ जुलै, सकाळी ११.३५

मी सांगते. सावंतवाडीची आहे, आमच्याकडे पावसात पायवाटेच्या दोन्ही बाजूंना लाजाळूच असते.

लाजाळूला नसा नाहीत, स्नायू नाहीत, मेंदूही नाही. पण स्पर्श झाला की तिच्या पेशींतून विजेचा बारीकसा संकेत पुढे सरकतो, तेवढ्यापुरतं आपल्या नसांशी साम्य आहे. जगदीशचंद्र बोस यांनी लाजाळूवर अनेक वर्षं प्रयोग केले ते याच संकेतांचा माग काढण्यासाठी. पुढचं काम मात्र पाण्याचं. पानाचा देठ खोडाला जिथे जोडलेला असतो तिथे नीट बघा, एक फुगीर गाठ दिसेल. प्रत्येक इवल्या पर्णिकेच्या बुडाशीही तशीच, फक्त बारीक. त्या गाठीतल्या पेशी पाण्याने टम्म भरलेल्या असतात, म्हणून पान ताठ उभं. संकेत पोचला की देठाच्या गाठीतल्या खालच्या बाजूच्या पेशींतून पोटॅशियमचे आयन बाहेर पडतात, त्यांच्यामागे पाणी जातं, ती बाजू लुळी पडते आणि देठ खाली मोडतो. पंधरा-वीस मिनिटांनी पाणी परत भरतं, पान उघडतं.

म्हणजे शेंगदाणाताईंची कोशिंबीर आणि लाजाळू यांचं गुपित एकच, पेशीतलं पाणी. मेथीची जुडी उन्हात मान टाकते आणि भाजीवाली पाणी शिंपडून तिला उभी करते, तेही हेच. मुलांना एकामागून एक दाखवा, तीच जोडतील.

पर्णरंध्रांनाही, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रांनाही, हेच लागू आहे. बागेच्या कडेला लावतात ती ऱ्हिओ मिळाली तर बघा, पानाची वरची बाजू हिरवी, खालची जांभळी. खालच्या बाजूचा पापुद्रा काढला की जांभळ्या फरशीत हिरव्या ओठांच्या जोड्या दिसतात. त्या रक्षक पेशी. पाण्याने फुगल्या की मधलं रंध्र उघडतं, सैलावल्या की मिटतं. ऱ्हिओ नाही मिळाली तर कुठल्याही गुळगुळीत पानाच्या खालच्या बाजूला रंगहीन नेलपॉलिश लावा, वाळू द्या, त्यावर चिकटपट्टी दाबून उचला आणि काचपट्टीवर चिकटवा. पानाचा ठसा येतो, रंध्रं मोजतासुद्धा येतात.

---

अबोली
१९ जुलै, रात्री १०.१०

आज केलं. अजून हात आयोडीनने पिवळे आहेत.

पाणकावळा सरांनी सांगितल्याप्रमाणे पहिली काचपट्टी बुडबुड्यांची. मग कांदा. पहिल्या तीन वेळा पापुद्रा फाटला. चौथ्यांदा माझ्या हातातला चिमटा एका मुलीने मागून घेतला आणि तिने तो एका ओढीत अख्खा काढला. रोज कांदा चिरणारे हात ते.

आकाश भरून आलं होतं, उजेड दुधासारखा. "झाडाची पेशी हिरवी" म्हणणारा मुलगा पहिला बसला. बराच वेळ काहीच बोलला नाही. मी विचारलं, दिसतंय का? तो म्हणाला, "बाई, भिंत बांधल्यागत दिसतंय. पण हिरवं कुठंय?" मग पात आणली. पातीचा तुकडा पाहून तो स्वतःच म्हणाला, "जमिनीच्या वर आलं की हिरवं."

१० पटींच्या भिंगाखाली प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी ठेवून आम्ही एक मिलिमीटर केवढा दिसतो ते पाहिलं आणि त्यात कांद्याच्या किती पेशी बसतील ते मोजलं. लांबीच्या बाजूने चारेक बसल्या. म्हणजे एक पेशी पाव मिलिमीटर. हे गणित त्यांनी फळ्यावर मला न विचारता केलं.

मीठ घालून रंग आक्रसताना बघायला इतकी गर्दी झाली की सूक्ष्मदर्शक बाकावरून पडता पडता वाचला. गालाच्या पेशी शेवटी. तळहात उलटसुलट करणारी ती मुलगी स्वतःच्या पेशी पाहून उठली आणि परत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. दोनदा.

अंडी पुढच्या शनिवारी. घरचं अंडं आणायला नऊ जण तयार आहेत.

---

पाणकावळा
१९ जुलै, रात्री १०.४४

वाचून डोळे भरून आले. लिहीत राहा.

---

शेंगदाणा
२० जुलै, सकाळी ८.१२

चिमटा मागून घेणाऱ्या मुलीला माझ्याकडून शाबासकी दे.

---

अबोली
दसऱ्यानंतरचा शनिवार, रात्री ९.३०

धागा वर काढते आहे, कारण आज जे झालं ते इथे सांगितल्याशिवाय राहवेना.

दसऱ्याला घरोघरी घट उठले. मुलं टोपीत धान खोवून शाळेत आली होती. पिवळंधमक, लांब, नाजूक धान. त्याच चिमटा मागणाऱ्या मुलीने गुरुजींना विचारलं, "शेतातला गहू हिरवा उगवतो, मग घटातला पिवळा का?" गुरुजींनी उत्तर दिलं नाही. ते म्हणाले, थोडं धान ओल्या फडक्यात गुंडाळून खिडकीत ठेव, थोडं तसंच कपाटात ठेव, आणि शनिवारी बाईंना विचार.

तिने मला विचारलं नाही. मी गेले तेव्हा तिने दोन्ही जुड्या बाकावर मांडून ठेवल्या होत्या. खिडकीतली हिरवी झाली होती, कपाटातली तशीच पिवळी. तिचं म्हणणं तयार होतं: देवघरात उजेड कमी, उजेडाशिवाय हिरवं तयार होत नाही, आणि धान उजेड शोधत लांब वाढतं म्हणून इतकं बारीक. मग आम्ही दोन्हींची पानं काचपट्टीवर घेतली. खिडकीतल्या पानात हिरवे दाणे खच्चून भरलेले. कपाटातल्या पानात पेशी दिसत होत्या, हिरवा दाणा एकही नाही.

तिचा पुढचा प्रश्न असा: हे पिवळं धान आता उन्हात ठेवलं तर आहेत त्याच पेशी हिरव्या होतील, की नव्या हिरव्या पेशी येतील? पिवळी जुडी तिने वर्गाच्या खिडकीत ठेवली आहे. एका पानाला दोऱ्याची गाठ बांधून खूण केली आहे, म्हणजे सोमवारी तेच पान बघता येईल.